सिलोन, सरनदीप, सिंहल की लंका? एका बेटाच्या नावांची अडीच हजार वर्षांची गोष्ट

चहाच्या पुड्यावर लिहिलेलं असतं ‘सिलोन टी’. क्रिकेटच्या स्कोअरबोर्डवर असतं ‘श्रीलंका’. घरातले आजी-आजोबा अजूनही ‘रेडिओ सिलोन’वरच्या गाण्यांची आठवण काढतात आणि रामायणाच्या गोष्टीत मात्र फक्त ‘लंका’. देश एकच, मग नावं इतकी का?

थोडक्यात उत्तर असं की ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र झालेल्या ‘सिलोन’ने २२ मे १९७२ रोजी स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केलं आणि ‘श्रीलंका’ हे नाव अधिकृतपणे घेतलं. इंग्रजांनी वापरलेलं नाव गेलं, देशी नाव आलं.

पण खरी गंमत इथूनच सुरू होते. जे ‘सिलोन’ परकं म्हणून टाकून दिलं, ते मुळात परकं नव्हतंच. आणि जे ‘श्री’ अक्षर आपल्याला पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर रोज दिसतं, त्या एका अक्षरावरून या बेटावर दंगलीचं वातावरण तापलं होतं. ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर जरा मागे जावं लागेल.

‘लंका’ या शब्दाचा अर्थ काय?

मराठी माणसाला ‘लंका’ म्हटलं की आधी सोनं आठवतं. ‘लंकेत सोन्याच्या विटा’ ही म्हण आपल्याकडे आहे, अंगावर एकही दागिना नसलेल्या बाईला ‘लंकेची पार्वती’ म्हणतात, आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ नावाचा मूकपट काढला तेव्हा लोकांनी तो डोक्यावर घेतला होता.

शब्दाचा मूळ अर्थ मात्र सोन्याशी जोडलेला नाही. तेलुगू भाषेत ‘लंक’ म्हणजे बेट. आंध्र प्रदेशात गोदावरी समुद्राला मिळते तिथे नदीच्या पात्रात अनेक बेटं तयार झाली आहेत. त्या गावांना आजही ‘लंक गावं’ म्हणतात आणि अनेक गावांच्या नावाच्या शेवटी ‘लंक’ येतं. नाशिकजवळ उगम पावणारी आपलीच गोदावरी शेवटी अशा कितीतरी ‘लंकां’ना वळसा घालून समुद्रात जाते. त्यामुळे ‘लंका’ म्हणजे सरळ ‘बेट’, असं अनेक अभ्यासक मानतात. हा शब्द संस्कृतच्या आधीपासून भारतात बोलल्या जाणाऱ्या एखाद्या भाषेतून आला असावा, असंही काहींचं मत आहे.

बेटावरच्या लोकांसाठी हे नाव नवीन नव्हतं. साधारण पाचव्या शतकात पाली भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘महावंस’ या ग्रंथात बेटाला ‘लंका’ आणि ‘लंकादीप’ म्हटलं आहे. पालीतला ‘दीप’ म्हणजे आपला ‘द्वीप’. सिंहली भाषेत याचंच ‘लक्दिव’ झालं. म्हणजे १९७२ साली सरकारने कुठलं नवं नाव शोधून काढलं नाही. लोकांच्या तोंडात असलेलं नाव कागदावर आणलं.

रावणाची लंका हीच का?

सोशल मीडियावर हा वाद दर काही महिन्यांनी निघतोच. श्रीलंकेचं पर्यटन खातं तर रामायणाशी जोडलेल्या ठिकाणांच्या सहली भरवतं. नुवारा एलिया या थंड हवेच्या ठिकाणाजवळ सीतेचं मंदिर आहे आणि भारतातून येणारे भाविक तिथे आवर्जून जातात.

पण जुन्या भारतीय ग्रंथांत चित्र इतकं सोपं नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ लिहिली. तिच्यात दक्षिणेकडच्या प्रदेशांची यादी आहे आणि त्या यादीत ‘लंका’ आणि ‘सिंहल’ ही दोन नावं वेगवेगळी येतात.

प्राचीन ज्योतिषगणितातली लंका तर आणखी वेगळी. आज जग ग्रीनिच इथून रेखांश मोजतं, तसे भारतीय गणिती उज्जयिनीतून जाणारी रेषा धरत. ही रेषा दक्षिणेला विषुववृत्ताला जिथे छेदते त्या बिंदूला ते ‘लंका’ म्हणत. या हिशेबाने लंकेचा अक्षांश शून्य. आजची श्रीलंका मात्र विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण ६ ते १० अंशांवर आहे, आणि उज्जैनच्या रेखांशाच्या बरीच पूर्वेला. म्हणजे गणितातली लंका आज नकाशावर शोधायला गेलं तर तिथे फक्त समुद्र सापडतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले नामवंत पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी १९७० च्या दशकात एक वेगळंच मत मांडलं. रावणाची लंका समुद्रापार नसून मध्य भारतात, आजच्या मध्य प्रदेशाच्या पूर्व भागाच्या आसपास असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘लंका’ म्हणजे पाण्याने वेढलेली कोणतीही जागा असेल तर ती समुद्रातच असली पाहिजे असं नाही, हा विचार त्यात होता. यावर तेव्हाही वाद झाला आणि सगळ्यांनी ते मत मान्य केलं असं नाही.

श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. शब्दांच्या इतिहासापुरतं एवढं मात्र खरं की ‘लंका’ हे नाव एकाहून जास्त जागांना लागू शकत होतं आणि या बेटाला लंकेशिवायही बरीच नावं होती.

तांब्याच्या रंगाची जमीन : ताम्रपर्णी

बेटाच्या सर्वात जुन्या नावांपैकी एक आहे ‘ताम्रपर्णी’, पालीत ‘तंबपण्णि’. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने खडकांवर जे लेख कोरून घेतले, त्यांत दक्षिणेकडच्या चोळ आणि पांड्यांबरोबर ‘तंबपण्णि’चाही उल्लेख आहे.

हे नाव कसं पडलं, याची एक कथा महावंसात येते. विजय नावाचा एक राजपुत्र होता. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या दांडगाईला कंटाळून वडिलांनीच त्याला ७०० साथीदारांसह जहाजात बसवून हाकलून दिलं. जहाज आधी लागलं ‘सुप्पारक’ बंदराला. सुप्पारक म्हणजे शूर्पारक, म्हणजे आजच्या मुंबईजवळचं नालासोपारा! लोकलच्या गर्दीसाठी ओळखलं जाणारं हे ठिकाण त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. पण सोपाऱ्यातही विजयच्या माणसांनी दंगा केला आणि त्यांना तिथून निघावं लागलं.

शेवटी जहाज लंकेच्या किनाऱ्याला लागलं. थकलेली माणसं जमिनीवर हात टेकून बसली आणि तिथल्या लाल मातीने त्यांचे तळहात तांब्यासारखे झाले. म्हणून ‘तंब-पण्णि’, तांबड्या हातांची भूमी. ही अर्थात दंतकथा आहे, नावाचा पुरावा नव्हे.

हेच नाव ग्रीकांच्या तोंडी गेलं आणि ‘ताप्रोबाने’ झालं. दुसऱ्या शतकात टॉलेमीने जगाचा भूगोल लिहिला, त्यात हे बेट प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पट मोठं दाखवलं आहे. रोमन लेखक प्लिनीने तर ताप्रोबानेचे दूत सम्राट क्लॉडियसच्या दरबारी आल्याची नोंद केली आहे. मिरे, मोती, रत्नं, हस्तिदंत यांच्या व्यापारामुळे या छोट्या बेटाचं नाव रोमपर्यंत पोचलं होतं.

सिंह नसलेल्या बेटाला सिंहाचं नाव

आता येऊ दुसऱ्या मोठ्या नावाकडे, म्हणजे ‘सिंहल’कडे.

महावंसातल्या कथेनुसार विजयचे वडील सिंहबाहू हे एका सिंहाचे पुत्र. त्यांनी त्या सिंहाला मारलं, म्हणून ते ‘सीहळ’ ठरले आणि त्यांच्याशी नातं असलेले सगळे लोक ‘सीहळ’, म्हणजेच सिंहली. लोकांवरून बेटाचं नाव ‘सिंहलद्वीप’. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्षू फाहियान दोन वर्षं या बेटावर राहिला होता. चिनी भाषेत त्याने या देशाला जे नाव दिलं त्याचा अर्थही ‘सिंहाचा देश’ असाच होतो.

विशेष म्हणजे ज्ञात इतिहासात या बेटावर रानात सिंह नव्हते. तिथल्या जंगलाचा राजा आहे बिबट्या. तरीही आज श्रीलंकेच्या झेंड्यावर हातात तलवार घेतलेला सिंह उभा आहे. असाच प्रकार सिंगापूरचा. ‘सिंहपूर’ असं नाव आणि सिंहाचा पत्ता नाही.

अजिंठ्याच्या भिंतीवरची लंका

‘सिंहल’ या नावाची दुसरी कथा पाहायला लंकेत जायची गरज नाही. ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेणीत एक भलंमोठं भित्तिचित्र आहे, ‘सिंहल अवदान’. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ही लेणी घडली.

चित्रातली कथा अशी. सिंहल नावाचा व्यापारी ताम्रद्वीपाकडे निघतो. जहाज फुटतं, माणसं किनाऱ्याला लागतात. तिथे सुंदर स्त्रिया त्यांचं स्वागत करतात, पण त्या असतात माणसं खाणाऱ्या राक्षसिणी. एक उडणारा पांढरा घोडा सिंहलला वाचवतो. हा घोडा म्हणजे बोधिसत्त्वच. पुढे एक राक्षसीण सिंहलच्या मागे थेट त्याच्या देशात येते आणि राजालाच खाऊन टाकते. लोक सिंहलला राजा करतात. तो हत्ती, घोडे, सैन्य घेऊन बेटावर चाल करतो, जिंकतो आणि ताम्रद्वीपाचं नाव ‘सिंहलद्वीप’ होतं.

महावंसात नाव येतं सिंहाच्या वंशावरून, इथे व्यापाऱ्याच्या नावावरून. कथा दोन, पण दोन्हींतून एकच गोष्ट दिसते. ‘ताम्र’ नाव आधीचं आणि ‘सिंहल’ नंतरचं, ही आठवण लोकांनी जपली होती.

सिंहलद्वीपाचं ‘सिलोन’ कसं झालं?

शब्द बंदरांमधून फिरतात तसे झिजतात. ‘सिंहलद्वीप’चं पालीत ‘सीहळदीप’ झालं. सहाव्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या कॉस्मास या व्यापारी-प्रवाशाने ते ‘सिएलेदिबा’ असं लिहिलं. अरब आणि इराणी खलाशांच्या बोलण्यात त्याचं ‘सरनदीप’ झालं. बाबा आदम स्वर्गातून सरनदीपच्या पर्वतावर उतरले अशी श्रद्धा मुस्लिम जगात पसरली. त्या पर्वताला आज ‘ॲडम्स पीक’ किंवा ‘श्रीपाद’ म्हणतात. बौद्ध, हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती असे चारही धर्मांचे लोक शिखरावरच्या पाऊलखुणेला आपापल्या परंपरेशी जोडतात.

याच ‘सरनदीप’ने इंग्रजीला एक लाडका शब्द दिला. ‘सरनदीपचे तीन राजपुत्र’ ही पर्शियन वळणाची गोष्ट १५५७ मध्ये व्हेनिसमध्ये इटालियन भाषेत छापली गेली. हे राजपुत्र शोधत असतात एक आणि हुशारीने, योगायोगाने त्यांना सापडतं भलतंच. ही गोष्ट आठवून इंग्रज लेखक होरेस वॉलपोल याने २८ जानेवारी १७५४ च्या एका पत्रात ‘सेरेन्डिपिटी’ हा नवा शब्द वापरला. ध्यानीमनी नसताना काहीतरी छान सापडणं, असा त्याचा अर्थ. इन्स्टाग्रामवर हा शब्द बायोमध्ये लिहिणाऱ्या कितीजणांना माहीत असेल, की त्या शब्दाच्या पोटात ‘सिंहलद्वीप’ लपलेलं आहे?

दुसऱ्या वाटेने ‘द्वीप’ गळून गेलं आणि उरलं फक्त ‘सिंहल’. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात ते ‘सेइलान’ आहे. १५०५ मध्ये पोर्तुगीज आले, त्यांनी ‘सेइलाँव’ केलं. त्यांच्यामागून डच आले आणि १७९६ मध्ये किनारी भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८१५ मध्ये कँडीचं राज्यही पडलं आणि सगळं बेट इंग्रजांचं ‘सिलोन’ झालं.

म्हणजे ‘सिलोन’ हे कुठल्या गव्हर्नरचं किंवा राणीचं नाव नाही. ते ‘सिंहल’च आहे, फक्त वाटेत झिजलेलं.

मग १९७२ मध्ये नाव का बदललं?

कारण शब्दाचं मूळ एक असतं आणि लोकांच्या मनातला त्याचा अर्थ दुसरा. दीडशे वर्षं सरकारी शिक्क्यांवर आणि मळ्यांच्या पेट्यांवर ‘सिलोन’ हे साहेबाचं नाव होतं. शिवाय स्वातंत्र्यानंतरही देशाची राष्ट्रप्रमुख इंग्लंडची राणीच होती.

घरी-दारी मात्र लोक ‘लंका’च म्हणत होते. १९५१ मध्ये एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांनी पक्ष काढला, त्याचं नाव ‘श्रीलंका फ्रीडम पार्टी’. राष्ट्रगीताचे कवी आनंद समरकोन यांच्या गीतातही ‘श्रीलंका’ हा शब्द आधीपासून होता. गीताची सुरुवात अशुभ आहे, त्यामुळेच देशावर संकटं येतात, अशी ओरड झाली आणि १९६१ मध्ये सरकारने सुरुवातीचे शब्द बदलले. तिथे ‘श्रीलंका’ आलं. हा बदल समरकोन यांच्या संमतीविना झाला आणि त्यांना तो अजिबात पटला नव्हता.

अखेर सिरिमावो बंदरनायके पंतप्रधान असताना १९७२ ची राज्यघटना आली आणि राणीचं पद व ‘सिलोन’ हे नाव, दोन्ही एकाच दिवशी गेलं. १९७८ च्या घटनेने पूर्ण नाव ठरवलं, ‘श्रीलंका लोकशाही समाजवादी प्रजासत्ताक’.

‘श्री’ या एका अक्षराची किंमत

आपल्याला ‘श्री’ म्हणजे मंगल, समृद्ध, आदरणीय. बेटावरच्या सगळ्यांना ते तसं वाटलं नाही.

१९५६ मध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा असेल असा कायदा झाला. तमिळ बोलणाऱ्यांना हा थेट आघात वाटला. त्यानंतर सरकारने वाहनांच्या नंबरप्लेटवर सिंहली लिपीतलं ‘श्री’ अक्षर सक्तीचं केलं. १९५८ मध्ये अशा पाट्या लावलेल्या सरकारी बसगाड्या उत्तरेकडच्या तमिळ भागात पाठवल्या गेल्या. तिथे कार्यकर्त्यांनी ‘श्री’वर डांबर फासलं. उत्तर म्हणून दक्षिणेत तमिळ पाट्यांवर डांबर फासलं गेलं. बंदरनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी केलेला समझोता त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोडला आणि मे महिन्यात भीषण दंगल उसळली. अनेक जीव गेले, हजारो लोक बेघर झाले.

दंगल काही केवळ एका अक्षरामुळे झाली नाही. भाषा, नोकऱ्या, जमीन अशी कारणं खाली साचलेली होती. ‘श्री’ त्या सगळ्याचं चिन्ह बनलं. म्हणून १९७२ मध्ये देशाच्या नावातच ‘श्री’ आलं, तेव्हा एका समाजाला तो अभिमान वाटला आणि दुसऱ्याला जुन्या जखमेची आठवण. त्याच घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान आणि सिंहलीला राजभाषेचा दर्जा दिलेला होता, त्यामुळे दुरावा वाढलाच.

आणखी एक बारकावा. देशाचं तमिळमधलं अधिकृत नाव ‘इलंगै’ आहे, म्हणजे लंका. त्यात ‘श्री’ नाही.

आणि ‘ईळम’?

तमिळमध्ये या बेटासाठी आणखी एक प्राचीन शब्द आहे, ‘ईळम’. संगम काळातल्या तमिळ काव्यातही तो येतो. अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा शब्दही ‘सीहळ’वरूनच, सुरुवातीचा ‘स’ गळून तयार झाला. काहींना हे मान्य नाही, ते याचा संबंध ताडीसाठीच्या तमिळ शब्दाशी लावतात.

१९७६ मध्ये तमिळ पक्षांनी वट्टुकोट्टै इथे ठराव करून ‘तमिळ ईळम’ या वेगळ्या राष्ट्राची मागणी केली. १९८३ ते २००९ या काळात जे यादवी युद्ध झालं, त्यात एका बाजूचं नाव होतं ‘श्रीलंका’ आणि दुसऱ्या बाजूचं ‘ईळम’. पहिलं मत खरं असेल, तर ‘सिंहली’ हे नाव आणि ‘ईळम’ हे नाव एकाच शब्दाची दोन रूपं ठरतात. ज्यांनी या नावांसाठी जीव दिले आणि घेतले, त्यांच्यातल्या बहुतेकांना हे सांगूनही पटलं नसतं.

‘सिलोन’ अजून गेलेलं नाही

२०११ च्या सुरुवातीला श्रीलंका सरकारने सरकारी संस्थांच्या नावातून ‘सिलोन’ काढायचं ठरवलं. तरी ‘बँक ऑफ सिलोन’ हे नाव टिकून राहिलं. चहाचं तर विचारूच नका. जगभर ओळख आहे ‘सिलोन टी’ म्हणूनच, आणि तिथल्या चहा मंडळाच्या अधिकृत चिन्हातही तेच नाव आहे, सोबत तलवारवाला सिंह. शब्दातही सिंह आणि चित्रातही सिंह!

आपल्याकडे ‘सिलोन’ टिकलं ते रेडिओमुळे. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री झालेले मराठी नेते बाळकृष्ण केसकर यांना हिंदी चित्रपटगीतं आकाशवाणीच्या दर्जाची वाटत नव्हती. आकाशवाणीवर ती गाणी कमी झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे केंद्राचं नाव बदललं, पण मराठी घरांत ते ‘सिलोन’च राहिलं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘सिलोन हे इंग्रजांनी ठेवलेलं नाव’ अशी पोस्ट टाकली, तर त्याला एवढंच सांगा. इंग्रजांनी ते नाव ठेवलं नाही, उचललं. त्यांच्या आधी पोर्तुगिजांनी, त्याआधी अरबांनी आणि ग्रीकांनी उचललं होतं. आणि ‘श्रीलंका’ या नावात ‘बेट’ एवढाच अर्थ असलेला ‘लंका’ हा शब्द तेवढा असा आहे, जो सिंहली आणि तमिळ दोघेही आपला म्हणून वापरत आले आहेत.